लाईन आली, लाईन गेली

तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर रब्बीच्या दिवसांत भल्या सकाळी जाऊन बसावं आणि चहा होईपर्यंत नुसतं ऐकावं. बांधावरून येणारा शेजारी विचारतो, "राती लाईन आलती का?" उत्तर मिळतं, "दोनला आली अन् चारला गेली. निम्मंच भिजलं." तेवढ्यात रानातून फोन येतो: खालच्या अंगाला लाईन फुटलीय, मोटार बंद करा. ओसरीवर बारावी झालेल्या पोराचा विषय चाललेला असतो, "ह्याला आता कुठल्या लाईनला घालावं?" आदल्या दिवशी भवानीच्या दर्शनाला जाऊन आलेली भावजय सांगते की लाईन एवढी होती, चार तास उभं राहावं लागलं. आणि धाराशिवला नोकरीला असलेल्या पाहुण्याचं घर कुठं, तर पोलीस लाईनच्या मागं.

वीज, पाण्याचा पाईप, शिक्षणाची शाखा, माणसांची रांग, घरांची वसाहत. पाच वस्तू आणि शब्द एकच. चुलीपुढे बसलेल्या आजीने इंग्रजीचं अक्षरही कधी गिरवलेलं नाही, पण ती यातल्या एकाही ठिकाणी अडखळत नाही. 'लाईन फुटली' म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे देवळातली रांग येत नाही, आणि 'लाईन आली' म्हटल्यावर पोलिसांची घरं येत नाहीत.

यात दोन कोडी आहेत. एका शब्दाला इतके अर्थ आले कुठून? आणि इतके अर्थ असूनही ऐकणारा गोंधळत कसा नाही?

धागा जवसाचा

पहिल्या कोड्याचं उत्तर धाराशिवच्या रानातच उभं आहे. इथल्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई यांच्या सोबतीने जवस घेतात. सडपातळ झाड, निळी नाजूक फुलं, गोल बोंडं आणि त्यात तपकिरी, चकचकीत, बोटांतून निसटणारं बी. ते तव्यावर तडतडेपर्यंत भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटलं की भाकरीसोबतची चटणी तयार. आपल्याला जवस ठाऊक आहे ते बियांसाठी आणि तेलासाठी.

युरोपात आणि प्राचीन इजिप्तमध्ये याच झाडाची ओळख वेगळी होती. तिकडे त्याच्या उंच वाढणाऱ्या, कमी फांद्या फुटणाऱ्या जाती लावत. काड्या पाण्यात कुजवायच्या, वाळवायच्या, बडवायच्या आणि आतला चिवट तंतू ओढून काढायचा. आपण अंबाडीचा वाख काढतो तसाच हा प्रकार. त्या तंतूचं कापड म्हणजे लिनन. लॅटिन भाषेत जवसाला 'लिनम' म्हणत आणि लिनमच्या धाग्याला, दोरीला 'लिनेआ'. हा 'लिनेआ' पुढे इंग्रजीत 'लाईन' झाला. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये जवसाला 'लिनम युसिटॅटिसिमम' असं शास्त्रीय नाव दिलं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगी'.

या कुळातले इतर शब्दही आपल्या घरात आलेले आहेत. शिंपी ब्लाउज शिवताना विचारतो, "लायनिंग लावू का?" हा शब्दही लिननचाच, कारण पूर्वी तिकडे कपड्याला आतून अस्तर लावत ते लिननचं. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम जवसाच्या तेलापासून करतात, म्हणून त्याच्या नावातही लिनम आहे.

म्हणजे ज्या शब्दाला आपण विजेच्या खांबावर आणि रेल्वेच्या रुळावर पाहतो, तो मुळात एका शेतमालाचं नाव सांगतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ त्या निळ्या फुलांखेरीज दुसरं काही सुचेना.

दोरी निघून जाते, रेघ राहते

पण धाग्याची रेषा कशी झाली? यासाठी लॅटिन कोश उघडण्यापेक्षा सुताराच्या हाताकडे बघावं.

फळी सरळ कापायची आहे. सुतार एक बारीक सूत काव कालवलेल्या पाण्यात बुडवतो. फळीच्या एका टोकाला ते सूत पोऱ्याला दाबून धरायला सांगतो, दुसरं टोक स्वतः ताणून धरतो. मग मधोमध चिमटीत सूत उचलतो आणि सोडतो. टण्. सूत उचलून बाजूला ठेवलं की लाकडावर तांबडी, सरळ रेघ उरते. करवत चालते ती त्या रेघेवरून.

एक शब्द एका अर्थातून दुसऱ्या अर्थात कसा जातो, ते या एका कृतीत दिसतं. आधी शब्द वस्तूचा होता, म्हणजे दोरीचा. दोरी ताणली की सरळ होते, म्हणून शब्दाला सरळपणा चिकटला. दोरीने खूण उमटवली, म्हणून खुणेलाही तेच नाव मिळालं. शेवटी दोरी निघून गेली आणि नाव खुणेवर राहिलं. इंग्रजीत हे होऊन कित्येक शतकं लोटली. आज इंग्रजी बोलणाऱ्याला 'लाईन' म्हटल्यावर आधी रेषा आठवते. धाग्याची आठवण उरली आहे ती कपडे वाळत घालायची दोरी, मासे धरायच्या गळाची दोरी अशा मोजक्या ठिकाणी.

आपल्याकडे हाच प्रवास कापसाच्या धाग्यावरून झाला. संस्कृत 'सूत्र' म्हणजे धागा. त्यावरून मोजमापाची दोरी, मग नियम, गणिताचं सूत्र, नाटकाचा सूत्रधार, आणि वर्तमानपत्रात 'सूत्रांनी सांगितलं' म्हणतात ती सूत्रं. 'सुतार' हा शब्दसुद्धा 'सूत्रधार' या शब्दातूनच आलेला आहे, म्हणजे सूत धरणारा. एखाद्याला वठणीवर आणलं की आपण म्हणतो, त्याला सुतासारखा सरळ केला. धागा तिकडे जवसाचा, इकडे कापसाचा. पण ताणलेल्या दोरीने दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट सुचवली.

गवंड्याच्या पिशवीत तर या दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. भिंत सरळ उचलण्यासाठी तो दोन टोकांना जी दोरी बांधतो तिला बांधकामावर 'लाईनदोरी' म्हणतात. मुळाकडे पाहिलं तर हा शब्द 'दोरी-दोरी' असा होतो. आपल्या माणसांनी 'लाईन' घेतली ती रेषा या अर्थाने, आणि तिला 'दोरी' जोडून नकळत तिच्या मूळ अर्थापाशी परत नेऊन सोडलं.

रांग, रूळ, तार, पाईप

रेषा हाती आल्यावर पुढचे अर्थ भराभर फुटले. माणसं रेषेत उभी राहिली की रांग झाली. लष्करात तंबू आणि घोडे रेषेत लागत, म्हणून इंग्रजी अमदानीत छावणीतल्या बराकींना 'लाइन्स' म्हणू लागले. मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची सिव्हिल लाईन आणि शिपायांच्या चाळींची पोलीस लाईन ही त्यातूनच आली. घरं पुढे कशीही बांधली गेली, नाव तेच राहिलं.

रेषा पुढे पुढे जात राहिली की वाट होते. इथे धाराशिवचा स्वतःचा इतिहास येतो. १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची अरुंद रेल्वे सुरू झाली, बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभी केली. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती, आणि पलीकडे निजामाचा मुलूख. ही लाईन १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. धाराशिव शहराला मात्र तिने वळसा घातला होता. ती येडशीवरून जात असे. रुंद रूळ टाकताना ती शहराजवळून वळवली आणि २००८ पर्यंत हे काम पुरं झालं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ही सुमारे ८४ किलोमीटरची नवी लाईन मंजूर झाल्यापासून 'लाईन कुठून जाणार, कुणाच्या रानातून जाणार' ही चर्चा चावडीवर कितीदा झाली असेल! त्या चर्चेत 'लाईन' म्हणजे रूळही असतात, आणि रूळ अजून पडलेले नसताना जमिनीवर आखलेली रेघही असते.

रुळांमागोमाग विजेच्या तारा आल्या, मग पाण्याचे पाईप. तळ्यावरून किंवा लांबच्या विहिरीवरून रानात पाणी आणणाऱ्या शेतकऱ्याने 'लाईन टाकली' असंच म्हटलं. रूळ, तार, पाईप यांचं दिसणं वेगळं आणि कामंही वेगळी. सारखी गोष्ट एवढीच की तिन्ही लांबच लांब जातात आणि इकडची वस्तू तिकडे पोचवतात.

वाटेवरून पुढची पायरी आयुष्याच्या वाटेची. 'तो डॉक्टरकीच्या लाईनला गेला', 'पोरगा आता लाईनीवर आला'. यात ना रेघ आहे ना तार, तरी दिशेचं भान आहे.

नळ आला, तार आली

आता सर्वांत अवघड पायरी. 'लाईन आली' म्हणजे वीज आली, हा अर्थ कसा निघाला? तार तर खांबावर रात्रंदिवस आहेच. ती येत नाही आणि जात नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. कित्येक दिवसांच्या खंडानंतर पाणी सुटलं की गल्लीत हाक उठते, "नळ आले!" नळ भिंतीतच असतो. आलेलं असतं पाणी. भांड्याचं नाव आपण आतल्या वस्तूला देतो, वाटेचं नाव वाटेवरून येणाऱ्याला देतो. 'दोन कप घेतले' म्हणताना कप कुणी खात नाही.

याआधी मराठीने हेच 'तार' शब्दाबाबत केलं होतं. तार म्हणजे धातूचा धागा. त्यावरून संदेश येऊ लागले तेव्हा संदेशालाच तार म्हणू लागले. दारात पोस्टाचा माणूस दिसला आणि 'तार आली' असं ऐकलं की घरातल्या बायांच्या पोटात गोळा यायचा. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली, तरी शब्द सगळ्यांना कळतो. 'तार आली' आणि 'लाईन आली' ही एकाच साच्यातली वाक्यं आहेत. पहिल्यात तारेवरून निरोप येतो, दुसऱ्यात वीज.

म्हणून मला 'लाईन आली' हे वाक्य उसनं वाटत नाही. शब्द इंग्रजीतून आला, पण त्याला हा अर्थ दिला तो रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाने, आणि आपल्या भाषेतल्या जुन्या वाटेने दिला.

चौकट: सारखे दिसणारे परके

प्रत्येक वेळी एका शब्दाचे अनेक अर्थ नात्यातलेच असतात असं नाही. काही वेळा वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात.

• बोर: झाडाचं बोर संस्कृत 'बदर' वरून आलेलं आहे. 'बोरला पाणी लागलं' यातलं बोर म्हणजे जमिनीत पाडलेलं भोक. हे बोर 'भोक पाडणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलं. या दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

• लाईट: 'लाईट गेली' यातली लाईट म्हणजे उजेड. 'बार्शी लाईट' यातली लाईट म्हणजे हलकी, कमी भाराच्या रुळांची. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एक, पण मुळं वेगळी.

ओळखायची खूण: एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर जायला मधली पायरी सापडते का? लाईनबाबत प्रत्येक ठिकाणी सापडते. बोराच्या झाडावरून बोरच्या भोकाकडे जायला एकही पायरी नाही.

कान गोंधळत का नाही

दुसरं कोडं. आजीला बरोबर अर्थ कसा कळतो?

पहिली मदत क्रियापदाची. लाईन येते-जाते ती विजेची. फुटते ती पाण्याची. लावायची ती माणसांनी. टाकतात ती पाईपची किंवा रुळांची. मारायची ती कॉलेजच्या कट्ट्यावर. धरायची ती धंद्याची. शब्द तोच, पण प्रत्येक अर्थाने आपापलं क्रियापद निवडून ठेवलं आहे, आणि ते सहसा दुसऱ्याला उसनं देत नाही. 'लाईन फुटली' यात 'फुटली' ऐकू येताच बाकीचे अर्थ गळून पडतात.

दुसरी मदत प्रसंगाची. मंदिराच्या महाद्वारापाशी विचारलेली लाईन आणि डीपीखाली उभं राहून विचारलेली लाईन वेगळी, हे सांगायला क्रियापदाचीही गरज पडत नाही.

पण डोक्याच्या आत नेमकं काय होतं? यावर डेव्हिड स्विनी या अमेरिकी संशोधकाने १९७९ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा आणि 'बग' म्हणजे चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. लोकांना कानावर एक गोष्ट ऐकवली, जिच्यात किड्यांचाच संदर्भ स्वच्छ होता. 'बग' शब्द ऐकू येताच त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर एखादा शब्द दाखवला. 'मुंगी' हा शब्द लोकांनी चटकन ओळखला, हे अपेक्षितच होतं. नवल असं की 'हेर' हा शब्दही तितक्याच चटकन ओळखला. म्हणजे नको असलेला अर्थही डोक्यात जागा झाला होता. थोडं थांबून, एखाद-दोन शब्द पुढे गेल्यावर तीच चाचणी घेतली, तेव्हा 'मुंगी' तशीच चटकन ओळखली गेली; 'हेर' मात्र मावळला होता.

शाळेत एकाच नावाची तीन पोरं असली की गुरुजींनी हाक मारताच तिघंही उठतात. गुरुजींची नजर एकावर स्थिरावते आणि बाकीची दोघं मुकाट खाली बसतात. आपल्या डोक्यात शब्दाचे अर्थ असेच उठतात आणि बसतात, फक्त ते इतक्या लवकर होतं की आपल्याला पत्ता लागत नाही.

ती लाईन

एक गोष्ट व्याकरणाचीही. इंग्रजीत 'लाईन' शब्दाला लिंग नाही. मराठीत आल्यावर ती सरळ स्त्रीलिंगी झाली. का? तिच्या अर्थाचे आपले शब्द पाहा: ओळ, रेघ, रेषा, रांग, दोरी, तार, वाट, वाहिनी. सगळे स्त्रीलिंगी. या सगळ्या जावांच्या घरात नवी आलेली वेगळी कशी राहणार? मग तिचं अनेकवचन 'लाइनी' झालं, 'लाईनीत', 'लाईनीवर' अशी रूपं झाली. शब्द घरचा झाला, याची यापेक्षा पक्की खूण मला ठाऊक नाही.

कागदावरची मराठी मात्र या एका शब्दाच्या जागी वेगवेगळे शब्द वापरते. विजेसाठी वीजवाहिनी, पाण्यासाठी जलवाहिनी, रेल्वेसाठी लोहमार्ग, माणसांसाठी रांग, घरांसाठी वसाहत. हे शब्द नेमके आहेत आणि लेखनात ते हवेतच. बोलताना 'लाईन' जिंकते, कारण ती छोटी आहे आणि जिभेवर आधीच आहे. हार्वर्डच्या जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवून दिलं की जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थही जास्त. खुरप्यासारखं आहे हे. तणासाठी घेतलेलं खुरपं हाताशी असतं म्हणून त्यानेच भाजी खुडतात, दोरी कापतात, खड्डा उकरतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या तीन अक्षरी शब्दाचे ४३० अर्थ दिले आहेत. 'रन' या क्रियापदाने तर नंतर त्यालाही मागे टाकलं; त्याचे ६४५ अर्थ कोशकारांनी मोजले. हे सगळे रोजच्या वापरातले, लहानसे शब्द.

'लाईन' सगळं गिळून टाकेल अशी भीती कुणी व्यक्त केली, तर त्यांनी खुरपणीच्या रानात यावं. तिथे बाई आपल्या वाट्याला आलेल्या पट्ट्याला आजही 'पात' म्हणते. नांगराच्या ओळीला 'तास', तिफणीच्या ओळीला 'काकरी', उसाला पाणी सोडतात ती 'सरी'. या सगळ्या रेषाच आहेत, पण काम करणाऱ्याला त्यातला फरक रोज लागतो, म्हणून तिथे 'लाईन' शिरलेली नाही. ती आली आहे नव्या वस्तूंबरोबर, रुळांबरोबर आणि तारांबरोबर. काळजी वाटते ती वेगळीच: ज्या रानात बैल आणि तिफण राहिली नाही, तिथे 'काकरी' म्हणायचं कशाला?

जिथे अर्थ वेगळे ठेवायलाच हवेत

एका ठिकाणी मात्र हा अर्थांचा सरमिसळ व्यवहार जिवावर बेतू शकतो. 'लाईन गेली' म्हणताना आपण वीज गेली असं म्हणतो, आणि तारही गेल्यासारखे वागतो. वादळी पावसात तार तुटून रानात पडते. घरात अंधार असतो, म्हणून पोरगा म्हणतो, "लाईन गेलीय, काही होत नाही." घरातली वीज गेलेली असते, तार तिथेच असते; तिच्यात वीज असूही शकते, आणि नसली तरी कोणत्या क्षणी ती पुन्हा धावेल हे त्या पोराच्या हातात नसतं. खांबावर चढणारा लाईनमन म्हणूनच आपल्या बोलण्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. वीज म्हणजे 'सप्लाय', आणि तार म्हणजे तार. उपकेंद्रातून परमिट घेतल्याशिवाय, म्हणजे काम संपेपर्यंत सप्लाय सोडणार नाही अशी नोंद झाल्याशिवाय तो तारेला हात लावत नाही. रेल्वेतही एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाकडून 'लाईन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. रूळ डोळ्यांना रिकामे दिसणं पुरेसं नसतं. रानातल्या पोराला हा फरक सांगायचा तर एवढंच सांगावं: "लाईन गेली म्हणू नको, सप्लाय गेला म्हण. तार हाय तिथंच हाय."

धाराशिवच्या हार्डवेअरच्या दुकानात 'लाईनदोरी' मागितली की दुकानदार नायलॉनचं गुंडाळं पुढे करतो. पिवळं नाहीतर हिरवं. त्यात जवस नाही, कापूसही नाही. गवंडी ते घेऊन कामावर जातो, दोन कोपऱ्यांतल्या खिळ्यांना बांधतो, बोटाने छेडून ताण पाहतो आणि विटेवर वीट रचत जातो. दुपारी काम थांबतं. दोरी तशीच ताणलेली ठेवून तो भिंतीच्या सावलीला बसतो आणि फडकं सोडतो. भाकरी असते, कांदा असतो, आणि जवसाची चटणी.